भोळी विधवा लिहायची कशी? (रहस्यकथा अर्धवट अडकली आहे)

पारोळेकरीण

दिवाळी अंकासाठी एक रहस्यकथा लिहायला घेतली आणि रुतून बसले. रावेर तालुक्यातला केळीवाला शेतकरी. शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची म्हणून मोटार चालू करायला मळ्यात जातो आणि सकाळी विहिरीत सापडतो. अकस्मात मृत्यूची नोंद होते. बायको सुमन, पस्तिशीची, डोक्यावरचा पदर खाली येत नाही. फौजदार धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचा. ती ठाण्यात बाकावर रडत त्याच्यापुढे हात जोडून म्हणते, "दादा, मन्हं नशीब फुटनं." फौजदार विरघळतो. अख्खं गाव विरघळतं. केलेलं मात्र तिनेच आहे.

पहिला खर्डा मी तिच्याच तोंडून लिहिला, "मी" असा. मैत्रिणीने वाचला आणि वही परत देत म्हणाली, "फौजदाराला तिने फसवलं, मला तू फसवलंस." लागलं मनाला, पण खरं होतं. सगळं मनातलं सांगणारी बाई नेमकी ती एकच रात्र गाळते, म्हणजे लबाडी लेखिकेची.

दुसरा खर्डा बाहेरून लिहिला, तर ती मालिकेतली खलनायिका झाली. भुवई उडते आणि मागे ढँण वाजतं.

मला हवी आहे ती वेगळी. मी एकोणीस वर्षं पतसंस्थेत कॅशियर आहे. एकदा एक बाई आली, "माले लिखता येत नही वं ताई." गर्दी सोडून मी तिच्या तीन स्लिपा भरल्या, वर पाणीही दिलं. शेवटी अंगठ्याचं पॅड पुढे केलं तर तिने माझ्याच हातातलं पेन घेऊन झोकदार इंग्रजी सही ठोकली. हसली पण नाही. गुन्हा काहीच नाही, तिला रांगेत उभं राहायचं नव्हतं इतकंच. पण मी दिवसभर तिचाच विचार करत होते. ही बाई कागदावर कशी आणू?

सावद्याचा केळीवाला

ताई, कथा नंतर. रावेरची बाई "मन्हं" म्हणाली आणि मी तिथेच थांबलो. अहिराणी तुमच्याकडची, धुळ्याकडची. आमच्या रावेर-यावलला लेवा बोली. आम्ही "माह्या-तुह्या"वाले. सुमन आमच्याकडची असेल तर हे वाक्य तिच्या तोंडात बसत नाही. बाकी रात्रीच्या लाईटीचं बरोबर आहे. रात्री बाराला माणूस मळ्यात का गेला, हे आमच्याकडे कुणी विचारणार नाही.

पारोळेकरीण

अरे देवा. मी आपली सगळ्या खान्देशाला एकाच बोलीत गुंडाळून मोकळी झाले.

निवृत्त जमादार, धुळे

मॅडम, तुमची सुमन ठाण्यात येऊन बाकावर रडते, ते काढा. साक्षीदार म्हणून बाईचा जबाब घ्यायचा तर तिला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६० होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १७९. आता विचार करा. घर तिचं, ओटा तिचा, कोण कुठे बसणार तेही तीच ठरवणार. सासू समोर, पोर मांडीवर, शेजारणी दारात. जबाब नोंदवणाऱ्याला जास्तीचा एक प्रश्न विचारायची लाज वाटते. मला वाटलेली आहे.

सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर महिला अधिकारी लागते, मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे शेवटी फौजदारापुढे घडाघडा सगळं कबूल करते, तसलं काही लिहू नका.

रडण्यावरून आम्ही काही ठरवत नव्हतो, असं सांगायला आवडलं असतं.

अमळनेरचा वाचनालयवाला

तुमच्या मैत्रिणीच्या तक्रारीला जुना उपाय आहे. डॅशिएल हॅमेटच्या १९३०च्या 'द माल्टीज फाल्कन'मध्ये एक तरुणी गुप्तहेराकडे येते, खोटं नाव सांगते, हरवलेल्या बहिणीची कहाणी सांगते. लेखक अख्ख्या कादंबरीत कुणाच्याच मनात शिरत नाही. गुप्तहेराच्यासुद्धा. हात काय करतात, नजर कुठे जाते, एवढंच. खोटं बोलते ती, निवेदन बोलत नाही. म्हणून वाचक चिडत नाही, मागची पानं उलटून बघतो.

माझी भर एवढीच की सुमनला शक्यतो खरंच बोलू द्या. "ते रात्री मोटार लावायला गेले" हे खरंच आहे. "मी पोराजवळ निजले होते" हेही खरं, फक्त कधीपासून ते कुणी विचारलेलं नाही. तुमच्या त्या सहीवालीनेही "लिहिता येत नाही" एवढं एकच खोटं सांगितलं. पाणी तुम्ही आपणहून दिलंत.

शहाद्याची लेक

मला एक खटकतं. बाई गप्प बसली की भोळी आणि नंतर कळलं की कावेबाज. "मला काय कळतं त्यातलं" हे वाक्य आमच्याकडून लहानपणापासून घोकून घेतलेलं असतं. १९९४पासून महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा आहे, तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केलेल्या मी पाहिल्या आहेत. वाचलं का म्हटलं तर हेच उत्तर, "माले काय कळस." एक आत्या अकाउंटन्सी शिकवायची! सुमनने हे नाटक त्या रात्रीसाठी नवं बसवलेलं नाही. पंधरा वर्षं त्याच घरात चालू आहे. फक्त या वेळी ते तिच्या कामाला आलं.

पारोळेकरीण

शहाद्याच्या ताई, यावर दोन दिवस नीट झोप नाही. नवऱ्यालाही तिने पंधरा वर्षं हेच ऐकवलं असणार. विहिरीचा कठडा कुठे खचलाय ते त्याने तिलाच सांगितलं असेल, "तुला काय कळतं" म्हणत.

आणि सावदेकर दादा, तुमची चूक मी दुरुस्त करणार नाही. म्हणजे माझी चूक. ती तशीच ठेवून तिचाच धागा केलाय. सुमन यावलची, लेवा बोलीतलीच. फौजदार साक्रीचा आहे हे तिने बाहेर उभ्या शिपायाकडून काढून घेतलंय, चहात साखर किती तेही. अहिराणी तिला शिरपूरच्या मावशीकडची येते. वाचकाला पहिल्या पानापासून "मन्हं" दिसतं आणि तो म्हणतो, खान्देशच आहे, असणारच. तिसऱ्या जबाबाच्या वेळी पोर ओट्यावरून पडतं. ती ओरडते, "माह्या बाळा!"

फौजदार लिहायचा थांबतो. "ताई, माहेर कुठलं तुमचं?"

सावद्याचा केळीवाला

हां, आता बसलं. मग ती काय म्हणते?

पारोळेकरीण

पोराचे गुडघे पुसते. मग पदर सारखा करून म्हणते, "चहा ल्या ना दादा, थंडा व्हई राहिना."