विषय: रेडिएटरमधलं शिळं पाणी

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात लेस्टरला घर घेऊन तीन वर्षं झाली. इथे घर गरम ठेवायला बॉयलरमध्ये तापलेलं पाणी खोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरतं. खालच्या खोलीतला मोठा रेडिएटर वर चटका बसेल इतका गरम, खाली मात्र गार. वरच्या मजल्यावरच्या दोघांचंही आता तसंच व्हायला लागलंय. आई सोलापूरहून आलीय. तिने हात लावून निकाल दिला, "तीन वर्षं तेच पाणी? शिळं झालंय, ओतून दे." सिस्टीम जुनी आहे, लॉफ्टमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर, तिला पाणी पुरवणारी छोटी टाकीसुद्धा आहे. प्लंबरने आकडा सांगितला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. स्वतः केलं तर जमेल का? पाणी काढायचं आणि परत भरायचं, एवढंच ना?

— लेस्टरवाला

---

अरे,

इथे जुळे सोलापुरात रात्रीचे अकरा वाजलेत, आत्ता नळ आलाय, म्हणून जागा आहे. मोटर चालू आहे तोवर लिहितो.

आईंना नमस्कार सांग, आणि हेही सांग की रेडिएटरला आपल्या गावाचा नियम उलटा लागतो. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो. आला की आधी पिंपातलं शिळं ओतायचं, पिंप विसळायचं, मग ताजं भरायचं. रेडिएटरमध्ये शिळं तेच चांगलं. ताज्या पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो, तो पोलाद खातो. खाऊन खाऊन संपला की गंजणं जवळजवळ थांबतं. दरवर्षी हौसेनं पाणी बदलणारे लोक मी तिकडे असताना पाहिलेत. ते दरवर्षी गंजाला नवा खुराक घालतात.

तुझं प्रकरण वेगळं आहे. रेडिएटर वर गार असता तर हवा धरली म्हणायचं, वरच्या टोकाची पिन चावीनं सैल करून हवा सोडली की काम झालं. खाली गार म्हणजे गाळ. तो मातीचा नाही, काळ्या लोहभस्माचा, मॅग्नेटाइटचा. नुसतं पाणी काढून तो जात नाही, तळाशी चिकटून बसतो. म्हणून आधी लॉफ्टमधल्या त्या छोट्या टाकीतून सिस्टीम क्लीनर, म्हणजे गाळ सोडवणारं औषध, घाल, बाटलीवर लिहिलेत तेवढे दिवस हीटिंग चालव, मग काढ. (छोटीच टाकी बरं का. शेजारची मोठी असेल तर ती नळाच्या पाण्याची.)

बॉयलर मेन स्विचवरून बंद कर आणि दोन-तीन तास निवू दे. टाकीवर आडवी काठी ठेवून बॉलकॉकचा दांडा सुतळीने वर बांध, म्हणजे नवं पाणी येणार नाही. सगळ्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघड. सगळ्यात खालच्या पाइपवर ड्रेनकॉक, म्हणजे पाणी काढून टाकायचा छोटा नळ, सापडेल. त्याला होजपाइप क्लिपने घट्ट आवळ, दुसरं टोक बाहेरच्या गटारात, ड्रेनकॉकपेक्षा खाली. टाकी रिकामी झाली की मग वरच्या मजल्यापासून एकेका रेडिएटरची हवेची पिन सैल करत खाली ये.

ड्रेनकॉक मात्र पाव-पाव आट्याने उघड. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वायसर आत चिकटून दगड झाला होता. पाण्याचा थेंब येईना, म्हणून पाना जोरात फिरवला, तर आख्खी दांडी हातात आली. काळं पाणी थेट बेज कार्पेटवर! लग्नात आलेले सहा सोलापुरी टॉवेल होते, तेच अंथरले. टॉवेलांनी पाणी छान प्यायलं, आपला माल आहे, पण डाग काही निघाला नाही. त्यातला एक अजून आहे, काकू त्याने स्कूटर पुसते. तेव्हा नवा वायसर आधीच खिशात ठेव.

काढणं सोपं, भरताना घाई नको. सगळ्या पिना बंद, ड्रेनकॉक बंद, मग सुतळी सोड. टाकी भरायला लागली की इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं औषध, ओत. साधारण दहा रेडिएटरला एक लिटर. हे विसरलास तर सगळा खटाटोप वाया. मग सगळ्यात खालच्या रेडिएटरपासून हवा सोडत वर जा. आवाज ओळखीचा येईल: आपल्याकडे नळ यायच्या आधी जो फुस्स-फुस्स करून खोकतो, तोच. पाण्याची धार आली की पिन बंद. जवळ काडी किंवा लायटर नको, गंजताना आत हायड्रोजन तयार होतो.

टाकी काठोकाठ भरू नकोस. थंड असताना बॉल जेमतेम तरंगेल एवढंच पाणी, कारण तापलं की ते फुगतं. मोटर बंद करायला उठतो.

— जुळे सोलापूरचे काका

---

काका, छान लिहिलंत. पण हे टाकीवाल्यांसाठी झालं. आमच्यासारख्या बंद सिस्टीमवाल्यांनी लॉफ्टमध्ये टाकी शोधत बसू नये. आमच्याकडे फिलिंग लूप, म्हणजे नळाचं पाणी सिस्टीममध्ये भरायची जोडनळी, असतो, तो हळूच उघडून थंड असताना दाबाचा काटा 1 ते 1.5 बारवर आणायचा, आणि भरून झालं की लूप काढून ठेवायचा. आणि भावा, बॉयलरचं झाकण उघडू नकोस. त्याच्या आतलं काम गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची इथली अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाचं, कायद्याने.

— रेडिंगची ताई

---

काका, ताई,

काल उरकलं. क्लीनर आठवडाभर आत ठेवला होता. सुरुवातीची बादली शाईसारखी काळी. आईने फ्रिजवरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बुडवलं, बाहेर काढलं तर त्याला मिशा फुटलेल्या. तेव्हा कुठे तिला पटलं की हे शिळं नाही, लोखंड आहे.

हवा सोडताना जिन्याजवळचा रेडिएटर खोकायला लागला, तशी ती आतून ओरडली, "नळ आला बघ, बादली लाव!" तेवढा एक अजून वर गार आहे. उद्या थंड झाल्यावर परत चावी लावतो.

वायसर खिशात होता, लागलाच. टॉवेल तरी दोन गेले. आईने येताना आणलेले नवे, अजून तिला सांगितलेलं नाही.

— लेस्टरवाला