मदत हवी आहे: विष्ठा प्रत्यारोपणासाठी दाता कसा तपासला?

सासूबाई, वय ७१, मधुमेह. मूत्रसंसर्गावरच्या अँटिबायोटिक्सने आतड्यातले चांगले जिवाणूही मारले आणि सी. डिफिसिल या आतड्यातल्या घातक जिवाणूचे जुलाब लागले. व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकने थांबतात, कोर्स संपला की पुन्हा सुरू. दही-ताक, प्रोबायोटिक करून झालं, तेव्हा ते सुचवू नका प्लीज. डॉक्टर आता विष्ठा प्रत्यारोपण (निरोगी दात्याची विष्ठा, तिच्यातल्या चांगल्या जिवाणूंसाठी, रुग्णाच्या आतड्यात सोडणं) म्हणताहेत. २०१३ च्या डच चाचणीत १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले, म्हणून आम्ही तयार आहोत. (सासूबाईंना 'जिवाणूंचा डोस' एवढंच सांगितलंय.) पण २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याकडून आलेल्या ईएसबीएल ई. कोलायमुळे (अनेक अँटिबायोटिक्सना न जुमानणारा जिवाणू) एक रुग्ण दगावला होता. आमचा दाता घरातलाच, माझा दीर. पुण्या-मुंबईत हे केलेल्यांनी सांगा: दात्याची ईएसबीएल आणि सीआरई (कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिक्सनाही न जुमानणारे जिवाणू) तपासणी झाली होती का, आणि ती कुठे होते?