तुम्हाला वचन उमगलं तो दिवस

धागाकर्ती

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. मोठ्यानं वाचतोय, म्हणून तर शेजारून धावणाऱ्या फिलिप्प या सुवार्तिकाला ऐकू जातं. फिलिप्प विचारतो, वाचताय ते समजतंय का? एवढा मोठा अधिकारी, पण सरळ कबूल करतो की कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार? आणि फिलिप्पाला रथात आपल्या शेजारी बसवून घेतो.

तसं शेजारी बसून बोलावं म्हणून हा धागा काढलाय. कुठलं वचन, ते कुठल्या प्रसंगी उमगलं, आणि त्यानंतर तुमच्या वागण्यात काय बदललं, एवढं लिहा. काही बदललं नसेल तर तेही लिहा. प्रवचन नको. सहासष्ट पुस्तकांचं बायबल वाचणारे प्रोटेस्टंट आणि त्र्याहत्तर पुस्तकांचं वाचणारे कॅथोलिक, दोघांनीही लिहावं. तो वाद इथे नको.

सुरुवात मी करते. माझ्या मैत्रिणीचं बाळ गेलं. मी भेटायला गेले ती तोंडात वचन घेऊनच. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांच्या पत्रातलं. ते म्हणून झालं आणि ती उठली, आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. मी बाहेर पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिले. तेव्हा मला तिचाच राग आला होता, हे लिहितानाही लाज वाटते.

पुढे काही महिन्यांनी ईयोब वाचत होते, मुलंबाळं आणि सगळं काही गमावलेल्या माणसाचं पुस्तक. ईयोबाचे तीन मित्र त्याला भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कुणी एक शब्द बोलत नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. मग ते बोलायला लागतात, आणि पुढचे कितीतरी अध्याय बोलतच राहतात. शेवटी देव त्यांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. त्या मित्रांची बरीच वाक्यं सुटी काढली तर अगदी भक्तिभावाची वाटतात. माझं वचनही खरंच होतं. पण ते मी तिच्यासाठी म्हटलं नव्हतं. तिच्यासमोर गप्प बसणं मला सहन होत नव्हतं, म्हणून म्हटलं होतं.

नंतर एका सहकाऱ्याची आई गेली तेव्हा मी काही बोलले नाही. दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या, तिथेच बसले. मैत्रिणीची माफी मागायला मात्र त्यानंतरही वर्ष गेलं.

लहान वर्कशॉप चालवणारा

ताई, तुम्ही कपड्यांच्या घड्यांचं लिहिलंत म्हणून मलाही लिहावंसं वाटलं.

दर वर्षी उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून वाचायला घ्यायचं आणि तिसऱ्या, लेवीयपाशी अडकायचं, हे माझं ठरलेलं. अर्पणं, त्वचेचे रोग, शुद्ध-अशुद्ध, यात आपल्यासाठी काय आहे असं वाटायचं. एका वर्षी नेटानं पुढे गेलो आणि एकोणिसाव्या अध्यायाला पोचलो. तेरावं वचन असं आहे की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नकोस.

माझ्याकडे आठ जण कामाला. पगाराचा दिवस ठरलेला, पण मी तो पाळत नव्हतो. पैसे नसायचे असं नाही. हिशेबाला बसायचा कंटाळा, म्हणून 'उद्या बघू'. त्या उद्याचा परवा व्हायचा. एक वयस्कर कामगार संध्याकाळी दारात उभा राहायचा, हातातली टोपी पिळत. मागायचा नाही, नुसता उभा राहायचा. मी मान वर न करता म्हणायचो, उद्या.

त्याच अध्यायात पाच वचनं पुढे गेलं की ते वचन येतं, जे आपण सगळे पाठ म्हणतो: शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. आजवर मला ते हवेतून उतरल्यासारखं वाटायचं. पण त्याच्या आजूबाजूला काय काय आहे बघा. शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी सोडा. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. मजुरी अडवू नका. म्हणजे प्रीती काय असते हे आधी सांगून झालंय, मग तिचं नाव घेतलंय. नव्या करारात याकोब तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी देवाच्या कानी जाते.

त्या महिन्यापासून पगार आदल्या दिवशी पाकिटात घालून ठेवतो. इतकंच केलं. पण खरं सांगतो, तोवर वीस वर्षं मी उपासनेला न चुकता जात होतो.

नव्या शहरात आलेली

माझं वचन यिर्मया २९:११. तुमच्यासाठी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा द्यायची आहे, ते. बदली झाली तेव्हा एका काकूंनी कार्डावर लिहून दिलं होतं. मी ते आरशाला लावलं आणि वाट बघायला लागले. सहा महिन्यांत परत जायला मिळेल, देवानं म्हटलंय ना हिताचे संकल्प!

नाही मिळालं. कार्ड काढून खणात टाकलं.

नंतर अभ्यासाच्या गटात एकदा सबंध अध्याय वाचला. हे पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला पाठवलेलं, कैद करून नेलेल्या लोकांना. त्यांना खोटे संदेष्टे सांगत होते की लवकरच घरी जाल. संदेष्टा यिर्मया सांगतो, सत्तर वर्षं. अकराव्याच्या आधीच्याच वचनात लिहिलंय, सत्तर! पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. आणि तोवर काय करायचं? घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

ते वाचून मी घरी आले आणि भिंतीला टेकलेली चार खोकी बघितली. दीड वर्ष ती मी उघडलीच नव्हती. चिकटपट्टीवर धूळ बसून ती पिवळी पडली होती. त्या रात्री दोन उघडली, उरलेली दोन रविवारी. जिन्यात रोज भेटणाऱ्या शेजारणीचं नाव विचारलं. आता मी या शहरासाठी प्रार्थना करते. पहिले कितीतरी दिवस ती ओठांवरच राहायची, हेही सांगते.

नुसताच वाचणारा

तुमच्या सगळ्यांचं वाचून हेवा वाटला. मी रोज वाचतो, पंधरा वर्षं झाली. वर्षात सबंध बायबल संपवायचं वेळापत्रक आहे, त्यावर खुणा करतो. पण वाचून उठलो की काय वाचलं ते सांगता येत नाही. काही होतच नाही. अशांनी काय लिहायचं?

निवृत्त शिक्षक

दादा, तुम्ही लिहिलंत तेच मोलाचं आहे. मला मदत झाली ते सांगतो, पटलं तर घ्या.

पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणारा माणूस येतो. तिथला हिब्रू शब्द 'हागा'. यशयात हाच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि घुमणाऱ्या पारव्यासाठी आलाय. म्हणजे हे मनन डोळे मिटून चाललेलं नाही, ओठ हलतायत, आवाज होतोय. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या एका मठवासीयानं वाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापुढे निवांत राहणं. आपण बहुतेक पहिल्या पायरीवर खूण करून कामाला लागतो.

दुसरं, आकड्यांवर थांबू नका. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन यांनी केलेली, आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली घातलेले. पौलानं पत्र लिहिलं तेव्हा त्यात ना अध्याय होते ना वचनं. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय लग्नात वाचतात. पण बारावा आणि चौदावा जोडून वाचा. कुणाचं कृपादान, म्हणजे देवानं दिलेली देणगी, मोठं यावरून भांडणाऱ्या मंडळीला लिहिलंय ते! प्रीती सहनशील आहे, हे आधी त्यांना सांगितलंय. मी मंडळीच्या कमिटीत असताना हे माझ्या ध्यानात आलं, आणि पुढच्या बैठकीत बोलायची माझी पाळी मी सोडून दिली.

तिसरं, अडलं तर दोन भाषांतरं शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणायला आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं घातली, ती साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. भाषांतरांत फरक दिसला की तिथे थांबायचं, तिथे बहुतेक काहीतरी असतं.

तुमचं वेळापत्रक थोडे दिवस बाजूला ठेवा. एकशे एकोणिसावं स्तोत्र घ्या. १७६ वचनं, हिब्रूच्या बावीस अक्षरांचे बावीस गट, प्रत्येकी आठ. रोज एकच गट, मोठ्यानं, दोनदा. बावीस दिवस.

भावाशी न बोलणारा

सरांनी भाषांतरांचं काढलंय म्हणून सांगतो. किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, असं येशूचा शिष्य पेत्र विचारतो. येशूचं उत्तर काही भाषांतरांत सातांच्या सत्तर वेळा आहे आणि काहींत सत्याहत्तर वेळा. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ दोन्हीकडे जातो. मी या फरकापाशी बरेच दिवस घुटमळलो, खरं तर हिशेबच करत होतो. मग कुणीतरी उत्पत्तीचा चौथा अध्याय दाखवला. भावाला मारणाऱ्या काइनाचा वंशज लामेख आपल्या बायकांपुढे बढाई मारतो की काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्याहत्तरपट. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे हेच शब्द आहेत. येशूनं सूडाचा तो आकडा उचलून क्षमेला लावला.

वाटणीच्या वेळी भावानं मला फसवलं. नऊ वर्षं झाली. हे वचन कळल्यावर मी लामेखासारखाच मोजत आलोय हे कळलं. तो काय म्हणाला, कुठे उभा होता, खिशाला कुठलं पेन होतं, सगळं पाठ. मी रोज क्षमा करतो आणि दुपारपर्यंत परत घेतो. सत्याहत्तर वेळा म्हणजे बहुधा एकाच अपराधाची इतक्यांदा, असं मी आता समजतो. फोन अजून केलेला नाही.

घर सोडलेली

वरच्या दादांचं मनापासून पटलं, तरी एक लिहायलाच हवं. क्षमेची आणि अधीनतेची वचनं सांगून मला अकरा वर्षं मार खायला परत पाठवलं गेलं. पाठवणारे वाईट लोक नव्हते, प्रार्थना करून पाठवायचे. स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा. इफिस ५:२२.

शेवटी एका पाळकांच्या पत्नीनं माझ्यासमोर पुस्तक उघडलं आणि बोट एक ओळ वर नेलं. एकविसावं वचन: एकमेकांच्या अधीन असा. त्यांनी सांगितलं की सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते एकविसाव्यातून येतं. म्हणजे वरची ओळ तोडली की खालची अर्धवट राहते. मग बोट खाली नेलं, पंचविसाव्यावर. पतींनो, ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करा. अकरा वर्षांत हे कुणी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं नव्हतं.

मी क्षमा केली आहे. परत गेले नाही. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, हे जिला आज ऐकायची गरज आहे तिच्यासाठी लिहिलंय. तिनं आधी सुरक्षित जागी जावं.

रात्रपाळीची परिचारिका

थोडक्यात लिहिते. १ राजे १९. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. मी याच वाक्यापाशी होते, आणि विश्वास कमी पडला म्हणून असं होतंय असं समजत होते. पण देवदूत त्याला रागवत नाही. उठ, खा, म्हणतो. भाकर आणि पाणी. एलीया खातो, पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो, कारण वाट लांबची आहे. इथे काय करतोस, हा प्रश्न देव त्याला पुष्कळ नंतर, डोंगरावर विचारतो. मी डॉक्टरांकडे गेले, औषध सुरू केलं, रात्रपाळ्या कमी करून घेतल्या. प्रार्थना नंतर हळूहळू परत आली.

नुसताच वाचणारा

सर, आज नववा दिवस, पासष्ट ते बहात्तर. घरात कुणी नसताना मोठ्यानं वाचलं. आधी स्वतःच्या आवाजाचं अवघडल्यासारखं झालं, दुसऱ्यांदा कमी.

एकाहत्तरावं वचन असं की मी पीडित झालो हे बरं झालं, त्यामुळे तुझे नियम शिकलो. तिथे थांबलो. पंधरा वर्षांत दर वर्षी या वचनावरून गेलो असेन. माझी बायको चार वर्षं अंथरुणाला होती, मग गेली. ते बरं झालं असं मी म्हणू शकत नाही. समासात पेन्सिलनं लिहिलं, 'मला पटत नाही'. पुस्तकात असं काही मी आजवर लिहिलं नव्हतं. खोडावं का?

निवृत्त शिक्षक

खोडू नका. हे वचन स्वतःच्या दुःखाविषयी बोलणाऱ्या माणसाचं आहे, दुसऱ्यानं तुम्हाला ऐकवायचं नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघा. सबंध स्तोत्रात उजेड नाही, शेवटचा शब्दही अंधाराचाच, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, देवालाच उद्देशून. तुमच्या पत्नीच्या नावानं एक दिवस थांबायचं असेल तर थांबा. स्तोत्र कुठे जात नाही.

नुसताच वाचणारा

थांबत नाही. अठ्ठ्याऐंशीवं आत्ताच वाचलं, तेही मोठ्यानं. खोडलेलं नाही, शेजारी तारीख टाकली. उद्या त्र्याहत्तराव्यापासून.