अन्नदान की आणखी काही? एक शब्द अडलाय

पंचवटीकर
नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळातल्या बायका आणि शरणपूर रोडच्या चर्चमधल्या एक ताई मिळून भुकेवर एक माहितीपत्रक करतोय. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, 'ब्रेड फॉर द वर्ल्ड' या अमेरिकेतल्या ख्रिस्ती संस्थेबद्दल. संस्था १९७४ पासूनची, पण ती स्वतः अन्न वाटत नाही. चर्चमधले लोक आपापल्या लोकप्रतिनिधींना पत्रं लिहितात. काही ठिकाणी ही पत्रं दानाबरोबर देवापुढे ठेवतात, प्रार्थना होते आणि मग ती रवाना होतात. मागणं असतं कायद्याचं आणि अंदाजपत्रकातल्या तरतुदीचं, म्हणजे भुकेच्या मूळ कारणांवर उपाय. मी सरळ 'अन्नदानाचे कार्य' असं लिहून मोकळी झाले. ताईंनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाल्या, "हे दान नाही हो." आम्ही दर एकादशीच्या दुसऱ्या दिवशी रामकुंडावर खिचडी वाटतो, त्याला अन्नदानच म्हणतो. त्यामुळे जरा लागलं. पण मग लिहू काय?

मनमाडकर
अन्नछत्र, सदावर्त, भंडारा यांत देणारा एका बाजूला आणि घेणारा दुसऱ्या बाजूला असतो. आमच्या मनमाडच्या गुरुद्वारात लंगरला बसा, तिथे ही बाजूच राहत नाही. शेजारी कोण बसलाय हे कोणी विचारत नाही. त्याला तिकडेही 'पंगत'च म्हणतात. आपल्या मराठीत मात्र पंगतीच्या जोडीला 'पंक्तिभेद' हाही शब्द आहे, हे विसरून चालणार नाही.

निफाडकर
ताई, तुमचा शब्द रानात सापडेल. सरवा.

सोंगणी झाली की खाली पडलेल्या, राहून गेलेल्या ओंब्या-कणसं वेचायला बायापोरं शेतात शिरायची, ते सरवा वेचणं. माझी आजी लुगड्याच्या ओच्यात गव्हाच्या ओंब्या गोळा करायची. संध्याकाळी त्या बडवून पाखडल्या की सूपभर गहू निघायचे. एका मळ्यातला मालक बायकांना हाकलून द्यायचा. दुसऱ्या मळ्यातली म्हातारी सोंगणाऱ्यांनाच सांगायची, बांधाकडच्या दोन ओळी तशाच राहू द्या. आजीने त्या म्हातारीला कधी 'दानशूर' म्हटलं नाही. "तिथं माझा सरवा आहे," एवढंच म्हणायची. माझा! हा शब्द ती ज्या ठसक्यात उच्चारायची, तो अजून कानात आहे. आता हार्वेस्टर येतो आणि मागे वेचण्यासारखं फारसं काही उरत नाही.

शरणपूरकर
पेन्सिल माझीच. लागलं असेल तर माफ करा, पण निफाडकर दादांनी माझ्या मनातलं काढलं. मराठी बायबलात नेमका हाच शब्द आहे. विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते. ती उपऱ्या देशातली बाई, तरी तिला वेचू देतात, कारण लेवीयच्या पुस्तकात मालकाला आज्ञाच आहे: शेताच्या कडा पुरत्या कापू नका, पडलेला सरवा उचलू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. त्याच पुस्तकात पन्नासावं वर्ष योबेलचं सांगितलंय. त्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जायची. गरीब देशांची कर्जं माफ करा म्हणणारी 'जुबिली २०००' ही मोहीम या कल्पनेवर उभी राहिली. ज्यू लोक दानधर्माला 'त्सदाका' म्हणतात, आणि त्या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ नीती, न्याय.

जुनंनाशिक
त्सदाका आणि आपल्याकडचा 'सदका' ही भावंडं आहेत, हिब्रू आणि अरबी एकाच घराण्यातल्या. अरबीत त्याच धातूपासून खरेपणाचा शब्द होतो.

आणि 'जकात'! मराठीत जकात म्हटलं की नाका आणि ट्रकची रांग डोळ्यांपुढे येते. आमच्या घरात जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, अडीच टक्के. ती कोणाला द्यायची ते आठ गट कुराणात सांगितलेत. त्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे आणि गुलामाची सुटकासुद्धा आहे. संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा 'हक' असतो, असंही तिथे म्हटलंय. मराठीतला 'हक्क' तोच. अब्बा रमजानमध्ये पाकिटं घेऊन निघतात, तेव्हा परत आल्यावर "देऊन आलो" म्हणत नाहीत. "पोचवून आलो" म्हणतात.

पेठकर
'भूक' लिहू नका, 'उपासमार' लिहा. भूक सगळ्यांनाच लागते. उपास आपण देवासाठी धरतो आणि तो कधी सुटणार हे आपल्याला ठाऊक असतं. उपासमारीत ते ठरवणारा दुसरा कोणीतरी असतो, म्हणून त्यात 'मार' आहे.

आमच्याकडे आषाढ-श्रावणात कणगी तळाला जाते आणि भात यायला अजून अवकाश असतो. त्या दिवसांत खायला जे उसनं आणायचं ती खावटी. सावकाराची खावटी भात हाती येताच फेडायची, वर वाढीदिढीनं. मग घरात भात उरतो किती? पुढच्या आषाढात कणगी पुन्हा रिकामी, आणि माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे. तुमच्या इंग्रजी मजकुरातलं मूळ कारण आमच्या बोलीत एवढंच आहे. सरकारी खावटी कर्जही असायचं. २०२० साली त्याचं अनुदान झालं, कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याचा माल. नाव मात्र खावटीच राहिलं.

पंचवटीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मी दोन दिवस याच विचारात आहे.

रामकुंडावरच्या खिचडीला मी अन्नदानच म्हणणार. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत पहिलं 'भुकेलेल्यांना अन्न' आहेच. पण त्याच यादीत पुढे 'बेकारांना रोजगार' आहे, तिकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. आणि एक गोष्ट आज प्रथमच उमगली. आमच्या घरापासून काळाराम मंदिर चालत पाच मिनिटांवर. २ मार्च १९३० ला तिथे सुरू झालेला सत्याग्रह मी 'देवळात जाण्याचा प्रश्न' एवढाच ऐकत मोठी झाले. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांबरोबरची ती माणसं प्रसाद मागायला आली नव्हती. ज्या पंचवटीत अन्नदानाचं एवढं पुण्य, तिथलंच दार त्यांना बंद होतं. ताईंच्या पेन्सिलीचा अर्थ मला तिथे कळला.

पत्रकात आता असं लिहिलंय: 'उपासमारीच्या मुळांवर काम. कोणाचा सरवा कोणी उचलला, हे सरकारला विचारणारी पत्रे.' कॉलेजरोडच्या मुलांना सरवा कळेल का, तेवढं सांगा. नाहीतर निफाडकर दादांच्या आजीची गोष्ट, त्यांची हरकत नसेल तर, खाली चौकटीत छापते.