सभेच्या इतिवृत्तातील द्विरुक्ती कशी टाळावी आणि कुठे टाळू नये?

टाचण:
नमस्कार. आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम या वर्षी माझ्याकडे आले आहे. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावयाची असल्याने नमुना म्हणून इतिवृत्ताची जुनी वही चाळत आहे आणि तिच्यात जवळजवळ प्रत्येक ठराव पुढील पद्धतीने लिहिलेला आढळतो: "सदर सभेस उपस्थित असलेल्या सर्व उपस्थित सभासदांनी वरील उपरोक्त विषयावर सविस्तर सखोल चर्चा करून गच्चीच्या गळतीच्या दुरुस्तीचे काम करून घेण्याबाबतचा ठराव सर्वानुमते एकमताने मंजूर करण्यात आला व त्यास सर्वांनी संमती दिली." समितीतील ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे, की ही कायदेशीर भाषा आहे आणि तिला हात लावू नये. मला मात्र यातील निम्मे शब्द अनावश्यक वाटतात. कोणते शब्द निर्धास्तपणे काढता येतील आणि कोणते काढल्यास पुढे अडचण येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दौत:
अनेक वर्षे शासकीय मजकुराचा अनुवाद करत आल्यामुळे या वाक्याशी माझा जुना परिचय आहे. यात कायदेशीर असे काहीही नाही. उलट वाक्य इतके लांबले आहे, की लिहिणाराच मध्ये वाट चुकला आहे: "सभासदांनी" असा कर्ता घेऊन निघालेले वाक्य "मंजूर करण्यात आला" या कर्ता नको असलेल्या क्रियापदावर जाऊन थांबते, आणि ही चूक वहीत वर्षानुवर्षे उतरवली जात असणार. मी ते असे लिहीन: "गच्चीची गळती थांबवण्यासाठी दुरुस्ती करून घेण्याचा ठराव उपस्थित सभासदांनी चर्चेअंती एकमताने मंजूर केला." मंजुरी दिल्यावर संमती वेगळी द्यावी लागत नाही.

अशा जोड्या कशा तयार होतात हे लक्षात आले, की त्या ओळखणे सोपे जाते. "सदर" हा अरबी-फारसी दफ्तरातून आलेला शब्द, तर "उपरोक्त" हा संस्कृत वळणाचा, आणि दफ्तराने नवा स्वीकारताना जुना सोडला नाही. "उपरोक्त" म्हणजेच वर सांगितलेला, तेव्हा त्याच्या आधी "वरील" कशाला? दुसरा प्रकार अर्थ आधीच पोटात घेतलेल्या शब्दांचा: "दरमहा महिन्याला", "किमान कमीत कमी", "प्रत्येक सभासदाने प्रत्येकी", "इत्यादी वगैरे". हे डोळ्यांना लगेच दिसतात. दिसत नाही ती क्रियापदांची सूज. "तपासणी करण्याबाबतची कार्यवाही करण्यात यावी" यात एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी-शेजारी आलेले नाहीत, तरीही सांगायचे एवढेच आहे, की "तपासावे". माझ्या मते वहीतील खरा फुगवटा इथे आहे, जोडशब्दांत नव्हे.

कलम ७५:
दौत यांनी केलेली वाक्यरचना मला मान्य आहे, परंतु वकील म्हणून एक इशारा द्यावासा वाटतो. शब्द काढण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा शब्द नसेल, तर उद्या कोणी वेगळा अर्थ काढू शकेल का? उत्तर "हो" असेल, तर तो शब्द कितीही जड वाटला तरी राहू द्यावा.

आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. येथील "पूर्ण" हा शब्द भाषा सुधारणाऱ्या माणसाला हमखास फालतू वाटेल, कारण दिवस अपूर्ण कसा असेल? पण नोटीस दिल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस वगळून १४ दिवस मोजावयाचे, हा संपूर्ण नियम त्या एका शब्दात आहे. तो काढला, की सभा वैध आहे की नाही, यावर वाद उभा राहतो.

"दुरुस्ती व देखभाल" ही जोडीही तशीच. बोलताना आपण दोन्ही एका दमात म्हणतो, पण इमारतीची दुरुस्ती आणि रोजची देखभाल यांचा खर्च वेगवेगळ्या हिशेबाने आकारला जातो. आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के असे प्रमाण आहे, तर रोजच्या देखभालीसाठीचे सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान असते. ठरावात यांतील एकच शब्द ठेवला, तर कोणत्या खात्यातून पैसे खर्च करावयाचे, हे संदिग्ध होते.

रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहिणे ही तर उघड पुनरुक्ती आहे, आणि ती मुद्दाम केलेली आहे. धनादेशावर दोन्हींत तफावत आढळल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी, असे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ सांगते. शेवटी येणारे "फक्त" हे पुढे कोणी काही जोडू नये यासाठीचे कुंपण आहे. ठरावात "रु. २५,०००/- (अक्षरी रुपये पंचवीस हजार फक्त)" असेच लिहावे.

मात्र ज्येष्ठ सभासदांनी एक उलट बाजूही ध्यानात घ्यावी. कायदेशीर मजकुराचा अर्थ लावताना प्रत्येक शब्द काही हेतूने वापरला आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. त्यामुळे "रद्द व निरस्त" असे लिहिले, की या दोन शब्दांचे अर्थ वेगळे असावेत, असा युक्तिवाद करायला कोणीतरी मोकळा होतो. सुरक्षिततेसाठी घातलेला जादा शब्द भांडणाला जागा करून देतो, ती अशी.

पाटीपेन्सिल:
मी मराठी शिकवते. द्विरुक्ती म्हटली, की मराठीत आणखी एका गोष्टीकडे पाहावे लागते: आपली भाषा शब्द दोनदा उच्चारून अर्थ बदलते. "सभासदांनी ५०० रुपये भरावेत" या वाक्यातून सर्वांनी मिळून की प्रत्येकाने, हे कळत नाही. "पाचशे-पाचशे रुपये भरावेत" म्हटले, की शंका राहत नाही. लेखी मजकुरात "प्रत्येकी" अधिक शोभते, हे खरे, पण "आपापल्या", "वेळोवेळी", "एकेक" हे शब्द पुनरुक्ती समजून छाटणाऱ्यांचा मला धसका आहे.

पत्रव्यवहाराबाबतही थोडे लिहिते, कारण तोही सचिवाकडेच येतो. आपल्या पत्रात विषय एकदा शीर्षस्थानी येतो, मग "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की" या वाक्याने त्याकडे पुन्हा बोट दाखवले जाते, आणि पुढच्याच ओळीत तो विषय शब्दशः तिसऱ्यांदा लिहिला जातो. पहिले वाक्य थेट मागणीने सुरू केले, तर पत्राचा पहिला परिच्छेद बहुधा निम्म्यावर येतो. "सविनय नम्र विनंती" यातील एक विशेषण पुरे. दौत यांच्या म्हणण्याला माझी एवढीच पुस्ती, की सौजन्याचे शब्द मी फुगवट्यात मोजणार नाही. थकबाकीदार सभासदाला पाठवलेल्या पत्रातला "कृपया" काढून कागद वाचतो किती, आणि शेजाऱ्याला तो टोचतो किती!

टाचण:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. "पूर्ण १४ दिवस" मी नक्की खोडले असते. आता एक शंका उरते. समजा, ठरावाला विरोध कोणी केला नाही, पण काही सभासद तटस्थ राहिले, तर "सर्वानुमते" लिहावे की "एकमताने"? की हे दोन्ही शब्द आमच्या वहीत एवढ्याचसाठी सोबत नांदत असावेत?

कलम ७५:
तसे असते, तर दोन्ही एकाच वाक्यात आले नसते. वापरात या शब्दांमधील सीमारेषा पुसट आहे, म्हणून अशा वेळी विशेषणाऐवजी आकडे लिहावेत: "ठरावाच्या बाजूने २८, विरोधात कोणी नाही, तटस्थ ३, ठराव मंजूर." त्याखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे द्यावीत. "सर्वानुमते" लिहिल्यामुळे तटस्थ राहिलेल्या सभासदाला आपले मत वाकवल्यासारखे वाटू शकते; आकड्यांवर तशी तक्रार राहत नाही.

एक सांगायचे राहिले. विषयपत्रिकेत "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" असा विषय असतो. एकदा कायम झालेल्या इतिवृत्ताची भाषा, ती कितीही फुगलेली असली, तरी सुधारावयाची नाही. जुन्या पानावर खाडाखोड दिसली, की त्यामागचा हेतू भाषाशुद्धीचा होता, यावर कोणी विश्वास ठेवत नाही. नवी लेखनपद्धती येत्या सभेच्या मसुद्यापासून सुरू करावी आणि तो मसुदा समितीसमोर ठेवताना वरचे जुने वाक्य व दौत यांचे वाक्य शेजारी-शेजारी ठेवावे.