मदत हवी आहे : फीडमधील बातम्यांत टॅग जसेच्या तसे दिसतात

होटगीवाट :
नमस्कार. सोलापूरच्या मार्केट यार्डातील कांद्याचे भाव आणि शेतीच्या बातम्या एकत्र दाखवणारे अ‍ॅप मी तयार करत आहे. बातम्या चार संकेतस्थळांच्या फीडमधून (नव्या बातम्यांच्या आपोआप ताज्या होणाऱ्या यादीतून) घेतो. पडद्यावर मात्र ‘&एलटी;पी&जीटी;कांद्याची आवक वाढली’ असे उमटते (एलटी आणि जीटी ही टॅगच्या, म्हणजे मांडणीच्या खुणेच्या, कोनी कंसांची सांकेतिक रूपे), आणि एकदा डीकोड केले, म्हणजे ती रूपे मूळ चिन्हांत बदलली, की ‘<पी>कांद्याची आवक वाढली’ असे दिसते. दोन दिवस यातच गेले. हिवाळ्यात आवक वाढण्याआधी अ‍ॅप गावातल्या लोकांच्या फोनवर जायला हवे, म्हणून कृपया नेमका उपाय सांगावा.

कंबरतलाव :
उपाय सांगता येईल इतकी माहिती तुम्ही दिलेली नाही. अँड्रॉइड की आयफोन, फीड आरएसएस की अ‍ॅटम (फीडचे हे दोन प्रकार), पार्सर (फीड वाचून त्यातील भाग वेगळे करणारा प्रोग्राम) कोणता, हे आधी लिहा. आणि पडद्यावरचा नव्हे, तर फीडचा मूळ मजकूर चार ओळी तरी द्या.

उजनीकाठ :
इतक्या खोलात शिरण्याची गरज नाही, सरळ वेबव्ह्यू (अ‍ॅपमध्येच वेब पान दाखवणारी चौकट) वापरा. दूध संकलनाच्या माझ्या अ‍ॅपमध्ये मी सूचना तशाच दाखवतो आणि त्यातील तक्तेही नीट येतात.

पूर्वभाग :
मी सहमत नाही. यादीतील प्रत्येक बातमीला वेगळा वेबव्ह्यू दिला, तर साध्या फोनवर यादी अडखळत सरकते. शिवाय ज्या मजकुरावर एन्कोडिंगचे (चिन्हे सांकेतिक रूपात लिहिण्याचे) दोन थर चढले आहेत, तो वेबव्ह्यूतही टॅगसकटच दिसेल, कारण तोही एकच थर उतरवतो.

उजनीकाठ :
मग भावांचे तक्ते टेक्स्टव्ह्यूत (फक्त मजकूर दाखवणाऱ्या चौकटीत) कसे दाखवणार, तेही सांगा.

सातरस्ता :
मराठी मजकुराचा घोळ बहुधा जुन्या फाँटमुळे होतो. आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, असे मी सुचवेन.

होटगीवाट :
फीड यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे युनिकोडमध्येच, आहेत, फाँटचा प्रश्न नाही. अँड्रॉइड, कोटलिन ही प्रोग्रामिंग भाषा, टेक्स्टव्ह्यू. चारही फीड आरएसएस २.०. पार्सर वापरलेला नाही, डिस्क्रिप्शनच्या दोन टॅगांमधला मजकूर स्ट्रिंग शोधून कापून घेतो. पहिल्या तीन फीडमध्ये मूळ मजकूर ‘&एलटी;पी&जीटी;’ असा आहे. चौथ्यात सीडेटाच्या (पार्सरने न उलगडता सोडायच्या भागाच्या) आतही तेच आहे. काल रात्री कंटाळून ‘&’ पासून ‘;’ पर्यंतचे सगळे रेग्युलर एक्स्प्रेशनने (अक्षरांचा नमुना शोधणाऱ्या सूत्राने) काढून टाकले, तर चौथ्या फीडमध्ये ‘शेतकऱ्यांना’ चे ‘शेतकर्यांना’ झाले.

कंबरतलाव :
मूळ दोष आता सापडला. एक्सएमएलचा (फीड ज्या भाषेत लिहिलेले असते तिचा) थर पार्सरने उतरवायचा असतो, तो तुम्ही उतरवलेलाच नाही. अँड्रॉइडमधला एक्सएमएल पुल पार्सर वापरा. पहिल्या तीन फीडमधून तो तुम्हाला खरे टॅग असलेले एचटीएमएल देईल, ते एचटीएमएल वर्गाच्या फ्रॉम-एचटीएमएल फंक्शनला द्या; अँड्रॉइड ७ पासून त्याला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून मोडही द्यावा, अशी शिफारस आहे. तक्ते त्याला कळत नाहीत, त्यामुळे उजनीकाठ यांचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर आहे : यादीत टेक्स्टव्ह्यू ठेवा आणि पूर्ण बातमीच्या पानावर वेबव्ह्यू. वेबव्ह्यूत जावास्क्रिप्ट मुळात बंद असते, ती चालू करू नका, कारण मजकूर परक्या सर्व्हरवरून येतो.

चौथे फीड वेगळे आहे. सीडेटामधील मजकूर पार्सर जसाच्या तसा सोडतो, म्हणून तेथे एन्टिटी (म्हणजे अशी सांकेतिक रूपे) एकदा जास्त डीकोड करावी लागेल, पण ती फक्त त्याच फीडसाठी. ‘काही उरत नाही तोवर डीकोड करत राहा’ असे लूप कृपया लिहू नका. ‘भाव < १००० रुपये’ असे कोणी योग्य रीतीने एन्कोड करून लिहिले, तर जादा डीकोडमुळे ते चिन्ह टॅगची सुरुवात समजले जाऊन पुढचा मजकूर गायब होऊ शकतो. अ‍ॅटममध्ये मजकुराचा प्रकार टाइप या अ‍ॅट्रिब्यूटने सांगितलेला असतो, आरएसएस २.० मध्ये तशी सोय नाही, म्हणून फीडनिहाय नोंद ठेवावी लागते. नको असलेले टॅग गाळायचे असतील, तर ते सर्व थर उतरल्यानंतरच गाळा. आधी गाळले, तर एन्कोड केलेले टॅग त्यातून सुटतात आणि डीकोड होताच जिवंत होतात.

पूर्वभाग :
‘शेतकऱ्यांना’ बद्दल माझ्याकडून एवढेच. त्या फीडने ‘र’, हलन्त आणि ‘&#८२०५;’ असे लिहिले असणार. तो क्रमांक झीरो विड्थ जॉइनरचा, म्हणजे अक्षरे जोडणाऱ्या न दिसणाऱ्या चिन्हाचा, आहे. तो काढला की अर्धा ‘ऱ्’ जातो आणि रफार येतो. त्याच रीतीने ‘आचाऱ्यांना’ चे ‘आचार्यांना’ होईल, आणि अर्थच बदलेल. ते रेग्युलर एक्स्प्रेशन आजच काढून टाका.

होटगीवाट :
मनापासून आभार. चारही फीड आता नीट दिसतात, ‘शेतकऱ्यांना’ सुद्धा. फक्त कालच्या सहा बातम्या अजूनही तुटक्याच आहेत.

कंबरतलाव :
त्या तुमच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधून जाऊन डेटाबेसमध्ये बसल्या आहेत. गेलेले अक्षर तेथून परत येणार नाही. त्या पुसून फीड पुन्हा ओढा, आणि यापुढे फीडचा मूळ मजकूर साठवून डीकोडिंग दाखवतानाच करा.