नांदूरमध्यमेश्वर: डिसेंबरचा शेवट की फेब्रुवारीचा मध्य?

गोदाकाठ_नाशिक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. निफाडजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला सलग दोन सकाळी देता येतील, जास्त नाही. ६०० मिमीची लेन्स आहे. तलवार बदकाचा (पिनटेल) नर पूर्ण रंगात हवा, पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) हवेत, आणि जमले तर चिखलावरचे छोटे पक्षीही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा धरावा की फेब्रुवारीचा मध्य? सगळीकडे "नोव्हेंबर ते मार्च" एवढंच लिहिलेलं सापडतं, त्यावरून तारीख ठरत नाही.

पाणवठा_निफाड

ताई, आधी रंगाचं बघू. विणीनंतर बदकांचे नर उडायची पिसं एकदम टाकतात. त्यानंतर तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही, म्हणून त्या काळात अंगावर मादीसारखा मातकट वेश चढतो. आपल्याकडे येतात ते बऱ्याचदा याच वेशात. ऑक्टोबरात आलेला थवा बघून "सगळ्या माद्याच दिसतायत" असं वाटतं ते यामुळे. इथे आल्यावर पिसं पुन्हा बदलतात, पण प्रत्येक जातीचा वेग वेगळा. तलवार बदक डिसेंबरपर्यंत तयार होतं: चॉकलेटी डोकं, मानेवर चढलेली पांढरी रेघ, लांब टोकदार शेपटी. थापट्या बदक मागे राहतो, डिसेंबरातही त्याचे काही नर ठिगळ लावल्यासारखे दिसतात. भुवई बदक सगळ्यांत आधी, म्हणजे पावसाळा सरता सरता येतं आणि रंगावर सगळ्यांत शेवटी, फेब्रुवारी-मार्चकडे.

पट्टकादंबही उशिरा येणाऱ्यांतले. नोव्हेंबरात त्यांच्या भरवशावर येऊ नका. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आशा चांगली, मार्चमध्ये ते परतीला लागतात.

एकच आठवडा निवडायचा तर मी जानेवारीचा दुसरा पंधरवडा म्हणेन. तुम्ही दिलेल्या दोनपैकीच हवा असेल तर फेब्रुवारीचा मध्य.

कडवाकाठ

वरचं सगळं बरोबर, पण इथे तारखेपेक्षा पाणी मोठं. गोदावरी आणि कडवा यांच्या संगमावरचा हा दगडी बंधारा शंभर वर्षांपेक्षा जुना. मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटं, दलदल तयार झाली आणि त्यावर पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. तरी मूळ काम सिंचनाचं. वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे सिंचनाच्या पाण्याची पाळी, सुटलं की पाणी इथे येतं आणि इथून कालव्यांना जातं. पातळी काही दिवसांत चढते, काही दिवसांत उतरते.

याचा थेट परिणाम असा. तलवार बदक, थापट्या ही मंडळी बुड्या मारत नाहीत, डोकं खाली आणि शेपूट वर करून चरतात. त्यांना फूट-दीड फुटाचं पाणीच उपयोगी. पातळी चढली की ती लांबच्या कडेला, गवतात सरकतात आणि ६०० मिमीलाही ठिपके दिसतात. टिलवा हा चिखलावरचा चिमुकला पक्षी, त्याचे पाय जेमतेम बोटाएवढे, चार बोटं पाणी चढलं तरी तो जागा सोडतो. लांब पायांचा शेकाट्या मात्र त्याच जागी निवांत उभा असतो. म्हणून "काल शेकाटे दिसले" यावरून चिखल उघडा आहे असं समजू नका.

सगळ्यांत चांगले दिवस म्हणजे पातळी उतरायला लागल्यानंतरचे. नुकता उघडा पडलेला, चकाकणारा ओला चिखल हवा. तो वाळून भेगाळला की किडे-अळ्या खोल जातात आणि तुतारी, चिखल्या, टिलवे हे चिखलावरचे पक्षी तिथून उठतात.

गोदाकाठ_नाशिक

हे कुणीच सांगितलं नव्हतं, आभार. पण आवर्तन कधी सुटणार हे आधी कळायचं कसं?

कडवाकाठ

आवर्तनाच्या बातम्या स्थानिक पेपरात येतात. त्याहून पक्कं हवं तर पाटकऱ्याला (कालव्याचं पाणी सोडणाऱ्याला) किंवा काठच्या शेतकऱ्याला विचारा. दोन तारखा मनात ठेवा, दहा-बारा दिवसांच्या अंतराने, आणि कोणती घ्यायची ते तीन दिवस आधी ठरवा. ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी टाकतात त्या संकेतस्थळावर, गेल्या आठवड्याच्या याद्या उघडा. टिलवा, तुतारी, चिखल्या मोठ्या आकड्यात असतील तर चिखल उघडा आहे. यादीत नुसत्या चांदी (कूट पक्षी) आणि पाणकावळे असतील तर पाणी चढलेलं आहे, दुसरी तारीख घ्या.

उजेड_आणि_पंख

डिसेंबरच्या शेवटाबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. निफाड हा राज्यातल्या सर्वांत थंड भागांपैकी एक. कडाक्याच्या, वारा नसलेल्या सकाळी पाण्यावर धुकं बसतं आणि ते विरेपर्यंत चांगला उजेड हातचा जातो. शिवाय नाताळच्या सुट्टीची गर्दी. फेब्रुवारीत धुकं कमी, पण दहानंतर पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचा एकही फोटो धारदार येत नाही. ती चूक लेन्सची नसते, लेन्स बदलून सुटतही नाही. दहाला थांबा, साडेतीन-चारला पुन्हा या.

हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो, तेव्हा सकाळी त्या बाजूचा काठ धरा, ऊन पाठीवर राहील. बसलेल्या पक्ष्याला १/८०० सेकंदाचा शटर पुरतो, उडत्याला १/२०००. तलवार बदकाची पांढरी छाती उन्हात जळते, एक्स्पोजर उणे ०.७ ठेवा. गाडीत हीटर लावून खिडकीतून फोटो काढू नका, आतली गरम हवा बाहेर पडताना चित्र हलतं.

पट्टकादंब रात्री आणि पहाटे शेतात चरतात, ऊन चढता चढता पाण्यावर परततात. म्हणून पहिला तास चिखलाला द्या आणि आठ ते दहा आकाशाकडे लक्ष ठेवा. मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी फिरू लागला की सगळी बदकं एकदम उठतात, उडते फोटो तेव्हा मिळतात. थवा स्वतः उठवायला पुढे जाऊ नका. थंडीत प्रत्येक उड्डाणाला साठवलेली चरबी जळते आणि परतीचा प्रवास त्याच चरबीवर व्हायचा असतो. पांढरे कपडे टाळा, रविवार टाळा.

पाणवठा_निफाड

धुक्याचा मुद्दा मान्य. फक्त एक, भुवई बदकाचा नर हवा असेल तर या दोन्ही तारखा सोडून मार्चचा पहिला पंधरवडा घ्या. दक्षिणेकडून परतणारे थवे तेव्हा थांबतात, डोळ्यावरची पांढरी भुवई ठसठशीत असते. त्या दिवसांत पट्टकादंब मिळतीलच असं नाही.

गोदाकाठ_नाशिक

मग ५ आणि १६ फेब्रुवारी अशा दोन तारखा धरते, दोन्हीला धरून दोन-दोन सकाळी. १ तारखेपासून ई-बर्डच्या याद्या बघते आणि पाण्याचं निफाडला फोन करून विचारते.